अस्सल, नक्कल आणि क्षण

कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण संकलनाला घेण्यापूर्वी ते बहुधा एका रूपातून दुसऱ्या रूपात पालटून घ्यावे लागते. तालुक्याच्या गावी लग्नमुंजींचे चित्रण करणारा स्टुडिओ असो की मुंबईतील मोठे संकलनगृह असो, तेथील मंडळी या कामाला फुटेज कन्व्हर्ट करणे म्हणतात, ते रात्री संगणकाच्या हवाली करून निजावयास जातात आणि सकाळी तयार झालेल्या फायली घेऊन कामास आरंभ करतात. सकाळची फाइल ही रात्रीचीच आहे, की तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वस्तू उत्पन्न झाली आहे, हे कामाच्या धांदलीत कोणी विचारीत नाही. परंतु पालटलेली वस्तू तीच राहते किंवा नाही, आणि राहत असेल तर कोणत्या अंशाच्या बळावर राहते, हा वाद या देशातील दर्शनकारांनी जीवाविषयी, घटाविषयी, दीपज्योतीविषयी शतकानुशतके इतक्या हिरिरीने लढविला आहे, की तोच वाद आज संगणकाच्या पडद्यावर नित्य उभा राहत असता त्याकडे पाठ फिरविणे मला योग्य वाटत नाही. ग्रंथकारांना जे दृष्टान्त कल्पनेने रचावे लागत, ते येथे मोजमापासह हाताशी आले आहेत.

कॅमेरा काय करतो ते प्रथम पाहू. १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच अशा एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे असा हिशेब धरला, तर एका सेकंदाच्या चित्रणास १२४ कोटींहून अधिक बिट लागतात. एवढा भार लहानशा कार्डावर पेलणे शक्य नसल्यामुळे सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी २००६ साली एव्हीसीएचडी नावाची जी पद्धत काढली, तिच्यात हा ओघ सेकंदाला सुमारे २ कोटी ४० लाख बिटांवर, म्हणजे मुळाच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही थोडा खाली, आणण्यात आला. त्यासाठी जी एच.२६४ नावाची संकोचनपद्धती वापरली जाते, तिची युक्ती मोठी विचारप्रवर्तक आहे. साधारण अर्ध्या सेकंदाच्या चित्रांचा एक गट केला, तर त्या गटातील एकच चित्र कॅमेरा समग्र लिहितो. उरलेली चित्रे तो वस्तुतः लिहीतच नाही. मागील चित्रातील अमुक तुकडा अमुक दिशेला इतका सरकला, आणि तो सरकवूनही जो फरक शिल्लक राहिला तो असा, एवढीच नोंद तो ठेवतो. त्यांतील काही चित्रांचे वर्णन तर मागील आणि पुढील अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने केलेले असते. त्यामुळे फायलीतील क्रम आणि पडद्यावरील क्रम हे एक राहत नाहीत, कारण जे नंतर दिसावयाचे आहे ते आधी उलगडल्यावाचून जे आधी दिसावयाचे आहे ते उलगडू शकत नाही.

दिंडीच्या चित्रणातील वीणेकऱ्याचे एक पाऊल उचललेले चित्र आपण पडद्यावर थांबवून पाहतो आणि समजतो, की हे चित्र फायलीत या ठिकाणी आहे. ते तेथे नाही. तेथे आहे ती केवळ एक सापेक्ष नोंद, जिला शेजारची चित्रे काढून घेतली असता कोणताही अर्थ उरत नाही. नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेत जो निःस्वभावतेचा सिद्धान्त मांडला, त्याचे याहून रोकडे उदाहरण मला ठाऊक नाही: जे जे दुसऱ्याच्या आधाराने उत्पन्न होते त्याला स्वतःचा असा स्वभाव नाही, आणि तरीही ते नाही असे म्हणता येत नाही, कारण ते दिसते, काम करते, व्यवहारास उपयोगी पडते. महाराष्ट्रात बौद्ध क्षणिकवाद बहुधा अर्धाच सांगितला जातो. प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते एवढा भाग लोकांच्या ध्यानात राहतो, कारण तो वैराग्याला पोषक वाटतो. परंतु नष्ट होणारा प्रत्येक क्षण पुढच्या क्षणाला कारण होऊनच नष्ट होतो, त्याच्या अस्तित्वाचा सारा अर्थ या कारण होण्यात आहे, हा उत्तरार्ध गळून पडतो. धर्मकीर्तीने सत्तेचे लक्षणच अर्थक्रियाकारित्व असे केले, म्हणजे जे काही घडवून आणते तेच सत्. एच.२६४ मधील क्षण हे या अर्थाने सत् आहेत, आणि एकटे असे त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच नाहीत.

संकलकाची अडचण येथेच उत्पन्न होते. त्याला चित्रण वाटेल त्या क्षणी कापावयाचे असते, मागे न्यावयाचे असते, उलटे चालवून पाहावयाचे असते. आणि प्रत्येक वेळी संगणकाला जवळच्या समग्र चित्रापर्यंत मागे जाऊन तेथून एकेक नोंद उलगडीत यावे लागते. टाइमलाइन अडखळते, चित्र ध्वनीच्या मागे राहते, हात थबकतो. म्हणून चित्रण अशा रूपात पालटले जाते, की ज्यात प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे आणि समग्र लिहिलेले असावे. ॲव्हिड कंपनीचे डीएनएक्सएचडी २००४ साली आले, ॲपलचे प्रोरेस २००७ साली आले, आणि या दोहोंचे मर्म हेच, की त्यात कोणताही क्षण दुसऱ्या क्षणाचा ऋणाईत नसतो. या स्वातंत्र्याची किंमत जागेच्या रूपाने चुकवावी लागते. एव्हीसीएचडीतील एका तासाचे जे चित्रण ११ गिगाबाइटांत मावते, ते प्रोरेस ४२२ मध्ये, सेकंदाला २५ चित्रे या मानाने, ५५ गिगाबाइटांच्या घरात जाते.

पाचपट जागा व्यापूनही नव्या फायलीत सत्याची भर मुळीच पडलेली नसते, ही गोष्ट नवख्या माणसास सहजी पटत नाही. कॅमेऱ्याने प्रत्येक बिंदूची उज्ज्वलता नोंदविली, पण रंगाची नोंद मात्र चार बिंदूंमागे एकदाच केली, कारण माणसाचा डोळा प्रकाशातील भेद जितक्या बारकाईने जाणतो तितक्या बारकाईने रंगातील भेद जाणत नाही. प्रोरेस ४२२ मध्ये दोन बिंदूंमागे एक रंगनोंद ठेवण्याची सोय आहे, आणि ८ बिटांच्या २५६ छटांऐवजी १० बिटांच्या १०२४ छटांना वाव आहे. परंतु जी रंगनोंद घेतलीच गेली नाही ती या वाढलेल्या घरात राहावयास कोठून यावी? कार्य हे कारणात आधीपासून असते, जे कारणात नव्हते ते कार्यात येणे संभवत नाही, असे सांख्यांनी सत्कार्यवादात ठामपणे सांगितले, आणि या बाबतीत तरी त्यांचा पक्ष मला निरपवाद वाटतो. नैयायिक मात्र गप्प बसणार नाही, आणि त्याने बसूही नये. प्रत्येक पालटाच्या वेळी आकड्यांचे पूर्णांकीकरण पुन्हा होते, आणि त्यातून जे अतिसूक्ष्म दोष निपजतात ते मूळ फायलीत कोणत्याही रूपाने नव्हते; तेव्हा पूर्वी नसलेले काहीतरी खरोखरच आरंभास आले, हे त्याचे म्हणणे मान्य करावे लागते. केवळ एवढेच, की जे नव्याने आरंभास आले तो दोष आहे, गुण नव्हे.

या सर्व संकोचनाच्या मुळाशी जे गणित आहे त्याचा एक प्रमुख जनक बंगळूरमध्ये जन्मलेला आहे. नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्या सहकार्याने डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवरील निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला, एच.२६४ त्याच गणिताचे पूर्णांकी रूप वापरते, आणि प्रोरेसही त्याच कुळातले आहे. चित्राचा तुकडा घेऊन त्यातील स्थूल चढउतार आणि सूक्ष्म चढउतार वेगळे करावयाचे, आणि ज्या सूक्ष्मावाचून डोळ्याला चुकल्यासारखे होत नाही ते सोडून द्यावयाचे, असे हे विवेकाचे यंत्र आहे. कॅमेरा केवळ पाहतो असे आपण मानतो. परंतु पाहण्याबरोबरच तो प्रत्येक क्षणी विसरतही असतो, आणि काय विसरावे हे त्याला आपल्याच इंद्रियांच्या मर्यादांवरून शिकविलेले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्यवहारात पालट हा एकच शब्द दोन अगदी भिन्न क्रियांना लावला जातो. कॅमेऱ्याच्या कार्डावरील एमटीएस फाइल संकलनाच्या सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही, एवढीच अडचण असली, तर आतील चित्रधारेला स्पर्श न करता तिच्याभोवतीचे आवरण तेवढे बदलता येते. एफएफएमपेग नावाच्या साधनाने हे काम काही मिनिटांत होते, आणि आतील संकोचित चित्रांतील एकही बिट बदलत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देही जुना देह टाकून नवा घेतो याला वस्त्रे पालटण्याची जी उपमा दिली आहे, ती या क्रियेस अक्षरशः लागू पडते. दुसरी क्रिया निराळी आहे. एव्हीसीएचडीचे प्रोरेस करताना संगणक प्रत्येक चित्र उलगडतो, ते स्मृतीत क्षणभर धरतो आणि नव्या पद्धतीने पुन्हा प्रथमपासून लिहितो. जुन्या फायलीतील लिखित चित्रांचा एकही अंश नव्या फायलीत जात नाही. नवी फाइल जुनीवाचून उत्पन्न होऊ शकली नसती, तरीही जुनीतील काही उचलून तिच्यात ठेवलेले नाही.

मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, की जीव एका देहातून दुसऱ्या देहात जात नसेल तर पुनर्जन्म कोणाचा? नागसेन त्याला विचारतो, की एका दिव्याने दुसरा दिवा लावला असता पहिल्यातील काही दुसऱ्यात गेले काय? आणि बालपणी गुरूकडून पाठ केलेला श्लोक आठवत असेल, तर तो गुरूपासून निघून शिष्यात आला काय? पाली वाङ्मयाची गोडी मराठी वाचकाला ज्यांच्यामुळे लागली, त्या धर्मानंद कोसंबींसारख्यांच्या पिढीने हा संवाद आपल्याकडे परिचित केला. तथापि श्लोकाचा दृष्टान्त दिव्याच्या छायेत दडून गेला, याचे मला वाईट वाटते, कारण प्रस्तुत विषयात तोच अधिक खोल जातो. दिवा दिव्यासारखाच असतो. श्लोक मात्र शिष्याच्या कंठात वेगळ्या स्वराने उमटतो, क्वचित एखादी मात्रा हरवून उमटतो, आणि तरी त्याला आपण तोच श्लोक म्हणतो. एकाच खोलीत, एकाच संगणकावर, एकाच दुपारी गीतेचा पक्ष आणि नागसेनाचा पक्ष दोन्ही आचरणात आणले जातात. माझा आग्रह इतकाच आहे, की आपण कोणता आचरीत आहोत हे करणाऱ्याला ठाऊक असावे. आवरण बदलून भागत असता पुनर्लेखन करणे ही व्यर्थ हानी आहे, आणि पुनर्लेखन केल्यावर हेच मूळ होय असे सांगणे हे असत्य आहे.

शंकराचार्यांचा आक्षेप येथे टाळता येणार नाही. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरील भाष्यात ते क्षणिकवाद्याला विचारतात, की सारेच क्षणिक असेल तर स्मरण कोण करतो? काल पाहणारा आणि आज आठवणारा एक नसेल, तर ते मीच पाहिले हा प्रत्यय निराधार ठरतो. फायलीतील नोंदी उलगडणाऱ्या डीकोडरकडे पाहिले म्हणजे या आक्षेपाचे बळ कळते. सापेक्ष नोंदींतून चित्र उभे करावयाचे, तर मागची चित्रे धरून ठेवणारी एक स्मृती त्याच्यापाशी असावीच लागते. ती नसेल तर नोंदींचा नुसता ढीग राहतो. परंतु हेही पाहावे, की ही स्मृती अखंड नाही. काही समग्र चित्रे अशी विशेष खुणेची असतात, की ती येताच डीकोडरने आजवरची सर्व आधारचित्रे विसर्जित करावीत आणि येथून पुढे कोणत्याही नोंदीने मागे वळून पाहू नये, असा नियमच आहे. प्रवाह तुटत नाही, प्रेक्षकाला काही जाणवत नाही, आणि स्मृती मात्र संपून पुन्हा आरंभलेली असते. स्मृतीवाचून एकत्व नाही, हा आचार्यांचा मुद्दा मी स्वीकारतो; स्मृती धारण करणारा नित्यच असला पाहिजे, हा त्यापुढचा निष्कर्ष या उदाहरणातून मात्र निघत नाही, आणि तो जे मानतात त्यांनी श्रुतीच्या आधाराने मानावा, दृष्टान्ताच्या आधाराने नव्हे.

मोबाइलच्या चित्रणात एक आणखी गंभीर गोष्ट घडते. प्रकाश कमी झाला किंवा यंत्रावर भार वाढला, की मोबाइल चित्रांमधील अंतर लांबवितो. म्हणजे त्याचे क्षण समान मापाचे नसतात. संकलनाला समान क्षण हवे असतात, म्हणून पालटताना कोठे एक चित्र दोनदा लिहिले जाते, कोठे एक चित्र गाळले जाते, आणि हे हिशेबाने न केल्यास ध्वनी आणि ओठ यांची फारकत होत जाते. येथे वस्तूच्या रूपाबरोबर काळाची गणनाही पालटते: जो क्षण कॅमेऱ्याने पाहिला नाही तो मालिकेत जागा पटकावतो, आणि जो पाहिला तो निघून जातो. ज्या कामात काळालाच साक्षीला बोलवावयाचे आहे, तेथे हे विसरून चालणार नाही.

मला या साऱ्यात जे अतिशय महत्त्वाचे वाटते ते आता स्पष्टपणे सांगतो. सुटा, स्वयंपूर्ण, आगापिछा नसलेला क्षण हा जगात सापडलेला नसून कापण्याच्या सोयीसाठी निर्माण केलेला आहे. कॅमेऱ्याने जी नोंद केली तीत प्रत्येक चित्र शेजारच्या चित्रांनी बांधलेले होते. आपण त्याला सोडविले, कारण बांधलेले कापता येत नाही. सोडविल्यावर कोणताही क्षण कोणत्याही क्षणाच्या शेजारी ठेवता येतो, आणि संकलनाची सारी कला या सामर्थ्यावर उभी आहे. पण त्याच सामर्थ्याने कीर्तनकाराने पूर्वपक्ष म्हणून उच्चारलेले वाक्य त्याचे स्वतःचे मत म्हणून दाखविता येते. पूर्वपक्ष सविस्तर मांडून मग त्याचे खंडन करणे ही आपल्या शास्त्रार्थाची रीत आहे, आणि खंडनाचा भाग कापून टाकला तर शंकराचार्यही शून्यवादी ठरतील. सोशल मीडियावर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांनी गावोगावी जी मने कलुषित होतात, त्यांच्या मुळाशी क्षणाला दिलेले हे खोटे स्वातंत्र्य आहे. पूर्वी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये फिल्मवर संकलन शिकविले जाई, तेव्हा विद्यार्थी रश प्रिंट कापीत आणि निगेटिव्ह अबाधित राही. कापलेल्या प्रिंटवरील काठचे आकडे निगेटिव्हशी पडताळल्यावरच निगेटिव्हला कात्री लागे. त्या रीतीत प्रत्येक कटाला आपला मूळ ठावठिकाणा दाखवावा लागत असे, आणि ती शिस्त तंत्राइतकीच नीतीची होती.

न्यायालयांपुढेही हा विषय आला आहे, आणि तो महाराष्ट्रातूनच आला. २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला की काय, असा कज्जा उभा राहिला; निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत कॅमेरे लावलेले होते, आणि त्यांचे चित्रण व्हीसीडींच्या रूपाने दाखल झाले, पण त्यासोबत कायद्याने मागितलेला दाखला मिळू शकला नव्हता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने जो निकाल दिला, त्यात मूळ यंत्रच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून हजर केले तर ते अस्सल, आणि त्यातून उतरवून घेतलेले ते नक्कल, असा भेद केला, आणि नकलेसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातील कलम ६५ब खालील दाखला आवश्यक ठरविला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ च्या दाखल्यात तर फाइलीचे हॅशमूल्यही नमूद करावे लागते.

हॅश हा फाइलीच्या सर्व बिटांवरून काढलेला एक आकडा. एक बिट बदलले तरी तो संपूर्ण बदलतो. दोन डिस्कांवरील दोन प्रतींचा हॅश जुळला, की त्या एकच आहेत असे कायदा मानतो. परंतु ज्या क्रियेत केवळ आवरण बदलले आणि चित्रधारा जशीच्या तशी राहिली, तिच्यानंतरही हॅश बदलतो, कारण त्याला आतील देहीची ओळख नाही, तो देहाचीच मोजणी करतो. आतील चित्रे उलगडून त्यांचा एकेक हॅश काढण्याची सोय एफएफएमपेगमध्ये आहे, आणि तो दोन्ही फायलींत जुळतो. म्हणजे कोणत्या पातळीवर विचारले त्यावर एकत्वाचे उत्तर अवलंबून आहे. म्हणून ज्यांच्याकडे कीर्तने, सभा, ग्रामदैवतांचे उत्सव, वृद्धांच्या मुलाखती अशा पुन्हा न घडणाऱ्या गोष्टींचे चित्रण आहे, त्यांना माझे सांगणे आहे, की कार्डावरची फाइल जशी उतरली तशीच दोन ठिकाणी ठेवावी, तिचा हॅश लिहून ठेवावा, आणि संकलनासाठी केलेले प्रोरेस काम आटोपल्यावर जागेअभावी टाकावे लागले तर खुशाल टाकावे. पुष्कळ ठिकाणी याच्या नेमके उलट केले जाते, कारण मोठी फाइल अधिक मोलाची वाटते.

आणि दाखला म्हणजे तरी काय? दोन फायली एकच आहेत हे डोळ्यांना दिसत नाही, तेथे प्रत्यक्ष थांबते. हॅश जुळला यावरून आपण ते अनुमानाने ठरवितो. आणि हा हॅश याच फाइलीचा, ही फाइल याच कॅमेऱ्याची, मधल्या काळात तिला कोणी हात लावला नाही, हे अखेर कोणा एका माणसाने आपल्या सहीनिशी सांगावे लागते. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले, आणि आप्ताचे वचन म्हणजे शब्द असे त्याचे लक्षण केले: ज्याला वस्तू यथार्थ ठाऊक आहे आणि ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. तालुक्याच्या स्टुडिओत रात्री फुटेज कन्व्हर्टला लावणारा पोरगा उद्या या दाखल्यावर सही करणारा असू शकतो, आणि कार्ड कोरे करण्यापूर्वी त्याने मूळ फाइल कोठे ठेवली यावरच त्याचे आप्तत्व ठरणार आहे.